नोकरी बदलताना डोकं थंड कसं ठेवायचं: एचआरच्या पहिल्या फोनपासून पीएफच्या शेवटच्या नोंदीपर्यंत

नोकरी शोधताना आणि सोडताना माणसाचा तोल सुटतो तो ठरावीक चारपाच जागी. एचआरचा फोन भलत्या वेळी वाजतो तेव्हा. "आताची नोकरी का सोडताय?" असं कोणी विचारतं तेव्हा. पगाराचा आकडा सांगायची वेळ येते तेव्हा. राजीनाम्याचं बोलल्यावर बॉसचा चेहरा बदलतो तेव्हा. आणि मुलाखत चांगली होऊनही तीन आठवडे कोणी काही कळवत नाही तेव्हा. या जागा आधीपासून माहीत असतात. म्हणजे तिथे काय बोलायचं, कोणता कागद पुढे करायचा आणि किती वेळ मागून घ्यायचा, हे घरी बसून ठरवता येतं. ऐन वेळी शांत दिसणाऱ्या बहुतेकांचं वाक्य आधी तयार असतं, एवढंच.

आधी कागद

पहिला अर्ज टाकण्यापूर्वी एक संध्याकाळ कागदांना द्या. अपॉइंटमेंट लेटर, प्रत्येक पगारवाढीचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म 16 (पगारावर कापलेल्या कराचा दाखला), आधीच्या सगळ्या कंपन्यांची रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याची पत्रं), मार्कशीट, आधार आणि पॅन. हे सगळं पीडीएफमध्ये, एकाच फोल्डरमध्ये ठेवा. सॅलरी स्लिप कंपनीच्या पोर्टलवर असतील तर आजच उतरवून घ्या, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं आणि मग एकेका स्लिपसाठी जुन्या एचआरच्या मागे लागावं लागतं. मात्र उतरवायचे ते फक्त स्वतःचे कागद. क्लायंटच्या फाइली, दरपत्रकं, कोड, कस्टमरच्या याद्या स्वतःच्या मेलवर पाठवल्या की कंपनीची यंत्रणा ते टिपू शकते. नोटिस पिरियडमध्ये, म्हणजे राजीनाम्यापासून शेवटच्या दिवसापर्यंतच्या मुदतीत, त्यावरून सुरू झालेली चौकशी सगळ्या चांगल्या कामावर पाणी फिरवते.

मग पीएफ. तुमच्या यूएएनने, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या 12 आकडी पीएफ क्रमांकाने, लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि प्रत्येक कंपनीची रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख बायोडेटाशी ताडून पाहा. नव्या कंपनीची पडताळणी करणारी एजन्सी हीच नोंद बघते. मधला तीन महिन्यांचा खंड झाकायला जुन्या नोकरीची तारीख पुढे ढकलली, तर ती इथे पकडली जाते, आणि तीही बहुधा ऑफर हातात आल्यावर. खंड होता तर खंड लिहा. आईच्या आजारपणासाठी घेतलेली सुट्टी किंवा कंपनीनेच बंद केलेली टीम एका वाक्यात सांगता येते. खोटी तारीख मात्र कुठल्याच वाक्यात बसत नाही.

बायोडेटावर स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा मेल द्या. ऑफिसच्या लॅपटॉपवरून जॉब पोर्टल उघडू नका. लिंक्डइनवर "ओपन टू वर्क" फक्त रिक्रूटरांना दिसेल अशी सोय आहे, पण आपल्या कंपनीतल्या कोणालाच ते कळणार नाही याची हमी लिंक्डइनही देत नाही. फोटोभोवतीची हिरवी गोल पट्टी तर नोकरीत असेपर्यंत लावूच नये.

फोन कुठे घ्यायचा

एचआर फोन करणार ऑफिसच्या वेळेत. तुम्ही तेव्हा एकतर जागेवर असणार, नाहीतर दादरच्या गर्दीत. दोन्हीकडे मुलाखत द्यायची नाही. एक वाक्य पाठ ठेवा: "मी आत्ता प्रवासात आहे, साडेसातला निवांत बोलता येईल, चालेल का?" इंग्रजीत बोलायचं तर तेवढंच छोटं: "आय ॲम कम्यूटिंग, कॅन वी स्पीक ॲट सेव्हन थर्टी?" ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: कंपनी कोणती, पद कोणतं, ऑफिस कुठे. समोरची व्यक्ती आत्ताच बोलायचं म्हणत असेल, तर अनुभवाची वर्षं आणि नोटिस पिरियड एवढंच सांगा. पगाराची बोलणी चालत्या गाडीत कधीही नको. "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" करत सांगितलेला आकडा नंतर तुमच्याच गळ्यात पडतो. मुंबईच्या मेट्रो 3 ने जात असाल तर वेळ ठरवतानाच लक्षात ठेवा की मार्ग भुयारी आहे आणि नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही.

ऑफिसातून बोलायचंच असेल तर पँट्री आणि जिना टाळा. जिन्यात आवाज घुमतो आणि वरच्या मजल्यावर कोण उभं आहे ते दिसत नाही. खाली उतरा, आणि आपल्या टीमची चहाची टपरी सोडून दुसरीकडे जा.

व्हिडिओ मुलाखत घरून असेल आणि घर वन रूम किचनचं असेल, तर घरच्यांना वेळ आदल्या दिवशी सांगा: "उद्या चार ते पाच कुकर नको, टीव्ही नको, बेल वाजली तर तुम्ही बघा." पाठीमागे रिकामी भिंत, उजेड समोरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. वायफाय गेलं तर लगेच लावता यावा म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट आधी एकदा जोडून बघा. मध्येच पंखा बंद करायला उठावं लागू नये, म्हणून आवाजाची चाचणी पंखा चालू ठेवूनच करा.

एक सावधगिरी इथेच. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे मागत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट, गेटपास यातलं काहीही मागितलं की बोलणं संपलं. मोठ्या कंपनीच्या नावाने जीमेलच्या पत्त्यावरून ऑफर लेटर आलं, तर त्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या क्रमांकावर विचारून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

वेळेवर आणि कोरडं पोचणं

मुंबईत मुलाखतीचा अर्धा ताण प्रवासाचा असतो. स्लॉट निवडायला दिला तर साडेअकरा किंवा तीन मागा. दहाच्या मुलाखतीसाठी डोंबिवलीहून निघालेला माणूस पोचेपर्यंत शर्टाची घडी राहत नाही.

मुलाखतीची वेळ ही तुम्ही खुर्चीत बसलेले असण्याची वेळ. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), लोअर परळ किंवा ऐरोलीच्या मोठ्या इमारतींत खाली ओळखपत्र दाखवायचं, फोटो काढायचा, पास घ्यायचा आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं, याला सकाळी सहज वीस मिनिटं जातात. म्हणून इमारतीच्या दारात 30 मिनिटं आधी पोचा, पण रिसेप्शनवर दहाच मिनिटं आधी जा. फार लवकर जाऊन बसलेल्या उमेदवाराचं काय करायचं, हा एचआरला नवा ताप असतो. मूळ ओळखपत्र जवळ असू द्या, मोबाइलमधला फोटो काही ठिकाणी चालत नाही. सीप्झसारख्या जागी आत जायला कंपनीकडून पास लागतो, तो आदल्या दिवशी मागून घ्या.

शेवटच्या टप्प्याचं गणित वेगळं करा. बीकेसीला वांद्रे पूर्वेहून किंवा कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षा आणि बस मिळतात, पण सकाळी रांग असते. मेट्रो 3 चं स्टेशन बीकेसीतच आहे. पवईला कांजूरमार्गहून रिक्षा किंवा बस. लोअर परळला रिक्षाचा विचार सोडा, पश्चिमेकडे वांद्र्याच्या आणि पूर्वेकडे सायनच्या पुढे रिक्षा जात नाहीत. टॅक्सी धरा किंवा स्टेशनवरून चालत जा. रविवारी बोलावलं असेल तर मेगाब्लॉक तपासल्याशिवाय निघू नका.

पावसाळ्यात बॅगेत दुसरा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, छोटा टॉवेल आणि बूट वेगळे ठेवा. पायात चप्पल घालून निघा आणि इमारतीच्या वॉशरूममध्ये बदला. कागदांना झिपची पिशवी. साडेचार मीटरच्या वर भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी येत असेल, तर कुर्ला–सायन आणि हिंदमाता भागात पाणी साचायची भीती असते. अशा दिवशी सकाळी आठलाच एक मेसेज करा: "गाड्या उशिरा आहेत, मी निघालो आहे, 20 मिनिटं उशीर होऊ शकतो. हवं असल्यास व्हिडिओवरही येऊ शकतो." एकच मेसेज. दर स्टेशनला कॉमेंट्री पाठवली की घाबरलेला माणूस दिसतो.

समोर बसल्यावर

धावपळ करून एसीत शिरल्यावर लगेच बोलायला लागलं की आवाज चिरका येतो. पाणी प्या आणि दोन मिनिटं श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, साधारण चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. याने धडधड कमी होते, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा धसका असतो. त्यावर उपाय म्हणजे वाक्य छोटं करणं. "मी हे केलं. त्याने हे झालं. आकडा एवढा." प्रश्न कळला नाही तर "जरा परत सांगाल का?" म्हणण्यात कमीपणा काही नाही. न कळलेल्या प्रश्नाला दिलेलं लांबलचक उत्तर जास्त महागात पडतं. समोरच्याचं आडनाव मराठी दिसलं म्हणून आपण होऊन मराठीत शिरू नका, पॅनेलमधले बाकीचे तुटतात. त्यांनीच मराठीत विचारलं तर मराठीत उत्तर द्या, आणि अहो-जाहो करूनच, वयाने लहान दिसले तरी. "तुम्ही गावचे कुठले?" हे जॉइन झाल्यावर कॅन्टीनमध्ये विचारायला आहेच.

"नोकरी का सोडताय?" याचं उत्तर दोन वाक्यांत, अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे. पहिलं वाक्य इथे काय शिकलो याचं, दुसरं पुढे काय हवं याचं. उदाहरणार्थ: "तीन वर्षांत रिटेल कर्जाचं काम पूर्ण हाताळलं. आता मोठ्या खात्यांचं काम करायचं आहे, ते आमच्या शाखेत नाही." बॉस, राजकारण, अप्रेजल हे शब्द येताच समोरचा पुढचा प्रश्न त्यावरच विचारतो, आणि तिसऱ्या प्रश्नाला तुमचा आवाज चढलेला असतो. नोकरी गेली असेल तर तेही सरळ सांगा: "आमचा विभाग बंद झाला, त्यात माझं पद गेलं." त्यापुढे गप्प बसा. खुलासे वाढले की शंका वाढते. ही उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा ऐका. कोणत्या शब्दाला आवाज कडवट होतो ते लगेच कळतं, तो शब्द बदला.

पगाराचा आकडा

पगारावर बोलताना माणसं गडबडतात, कारण त्यांना स्वतःचाच हिशेब माहीत नसतो. सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाला, बाराने भागून महिन्याचा पगार मिळत नाही. समजा ऑफर 9 लाखांची आहे. मूळ पगार निम्मा, म्हणजे वर्षाला 4,50,000, महिन्याला 37,500. कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्के, वर्षाला 54,000, हा सीटीसीच्या आतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेची) तरतूद मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे 21,645. त्यात 10 टक्के व्हेरिएबल, 90,000, जे कामगिरीवर आणि वर्षअखेरीस. उरले 7,34,355, महिन्याला सुमारे 61,200. त्यातून तुमचा पीएफ 4,500 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) वजा केला, की हातात साधारण 56,500 येतात. एवढ्या उत्पन्नावर नव्या कररचनेत आयकर लागत नाही. नऊ भागिले बारा करून 75,000 धरून बसलेल्याला पहिल्या पगाराला धक्का बसतो तो असा. काही कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवर 1,800 रुपयेच कापतात, काही मेडिक्लेमचा हप्ताही सीटीसीत घालतात. म्हणून आकड्यावर हो म्हणण्याआधी पगाराची फोड लेखी मागा. मागायला संकोच वाटायचं कारण नाही, एचआरकडे तो तक्ता तयारच असतो.

सध्याचा पगार खोटा सांगू नका, पुढे स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतातच. अपेक्षा विचारली तर पट्टा सांगा आणि त्याचा खालचा आकडा तुम्हाला खरोखर चालणारा ठेवा, कारण तोच धरला जातो. आकडा सांगितला की थांबा. समोरची शांतता भरून काढायला "पण थोडं कमीजास्त चालेल" हे वाक्य फार जणांच्या तोंडून निसटतं, आणि त्याची किंमत वर्षभर मोजावी लागते. ऑफर कमी आली तर त्याच फोनवर नकार किंवा होकार नको: "आभारी आहे. फोड बघतो आणि उद्या अकरापर्यंत कळवतो."

काहीच कळवत नाहीत तेव्हा

मुलाखतीच्या दिवशी चार ओळींचा आभाराचा मेल. त्यांनी सांगितलेली मुदत उलटली की दोन कामकाजाचे दिवस थांबून एक मेल. मुदत सांगितलीच नसेल तर आठवड्याने. त्यानंतर आणखी एका आठवड्याने शेवटचा, आणि मग थांबा. रोज व्हॉट्सॲपवर "एनी अपडेट?" पाठवल्याने काम पुढे सरकत नाही. अनेकदा बजेट अडकलेलं असतं किंवा आतलाच माणूस पुढे आलेला असतो, आणि एचआरलाही ते बोलता येत नाही. नकार आला तर तीन ओळींत उत्तर द्या: आभार, या कंपनीत पुढेही रस आहे, संपर्कात राहू. पहिल्या पसंतीचा उमेदवार जॉइन झालाच नाही की यादीतल्या दुसऱ्याला फोन जातो. नकारावर तडकून मेल लिहिणाऱ्याला जात नाही.

राजीनामा

ऑफर लेटर लेखी आल्याशिवाय राजीनामा नाही. "ऑफर पक्की समजा" हा फोन ऑफर नसतो. लेटरमध्ये पद, पगाराची फोड, जॉइनिंगची तारीख, ठिकाण आणि सही बघा. पडताळणी पूर्ण होण्याच्या अटीवर ऑफर असेल, तर ती पडताळणी कधी संपेल ते विचारा.

मग स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि चार कलमं वाचा.

नोटिस पिरियड दिवसांत आहे की महिन्यांत? 10 जूनला राजीनामा दिला तर 60 दिवसांनी 9 ऑगस्ट येतो, दोन महिन्यांनी 10 ऑगस्ट. राजीनाम्याचा दिवस धरायचा की नाही यावरूनही एक दिवस हलतो. शेवटची तारीख एचआरकडून मेलवर घ्या आणि नव्या कंपनीला तीच कळवा.

बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं. ते मूळ पगारावर की पूर्ण पगारावर, आणि तो हक्क तुमचा की कंपनीच्या मर्जीवर, हे शब्दाशब्दाने वाचा.

बोनस. बऱ्याच कंपन्यांत बोनस जमा होण्याच्या दिवशी माणूस नोटिसवर नसावा अशी अट असते. पंधरा दिवसांच्या घाईने वर्षभराचा बोनस घालवणारे दर एप्रिलमध्ये सापडतात.

बाँड आणि दुसरीकडे काम न करण्याची अट. नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करायला बंदी घालणारी कलमं 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाहीत. पण ठरावीक मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा बाँड ही निराळी बाब. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. तेव्हा "बाँडला काही अर्थ नसतो" या कॅन्टीनमधल्या सल्ल्यावर जाऊ नका.

ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत पाच वर्षांची सलग सेवा लागते. साडेचार वर्षं झाली असतील तर जॉइनिंगची तारीख पुढे ढकलता येते का ते नव्या कंपनीला विचारा. हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 40,000 मूळ पगारावर पाच वर्षांचे साधारण 1,15,385 रुपये होतात. एवढ्यासाठी थोडं थांबणं परवडतं.

सांगायचं कसं? आधी तोंडी, बॉसला, बंद दाराआड. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळलं की पुढचे दोन महिने त्याची वसुली होते. तुमच्या ऑफिसात त्यांना नावाने हाक मारत असाल तर तसंच, साहेब म्हणत असाल तर साहेबच. आज भाषा बदलायची गरज नाही. "साहेब, मी राजीनामा देतोय. दुसरीकडे संधी मिळाली आहे, निर्णय झाला आहे. शेवटच्या दिवसापर्यंत सगळं व्यवस्थित सोपवून जाईन." कंपनीचं नाव सांगणं बंधनकारक नाही. "जॉइन झाल्यावर नक्की कळवतो" एवढं पुरतं. त्याच दिवशी बॉसला आणि एचआरला मेल. मेलमध्ये राजीनामा, आजची तारीख, कराराप्रमाणे शेवटचा दिवस आणि आभाराची एक ओळ. तक्रारींची यादी या मेलमध्ये घालू नये. हा कागद तुमच्या फाइलमध्ये कायम राहतो, आणि पाच वर्षांनी पडताळणीच्या वेळी तो कोण उघडेल सांगता येत नाही. एक्झिट इंटरव्ह्यूतही सुधारणा म्हणून सांगता येईल तेवढंच सांगा.

पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न झाला तर एक रात्र मागा. सोडायचं कारण फक्त पैसा असेल तर विचार करण्यासारखं आहे, बाकी कारणं महिनाभरात पुन्हा समोर येतात. आणि राजीनामा आल्यावरच तुमची किंमत आठवणाऱ्या साहेबांना पुढच्या कपातीच्या वेळी हा राजीनामाही आठवतो. थांबायचं ठरलंच तर वाढ लेखी घ्या आणि नव्या कंपनीला त्याच दिवशी फोन करून नाही म्हणा. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवणारे लोक याच शहरात, याच एचआरच्या वर्तुळात पुढे पुन्हा अर्ज करतात.

नोटिसचे दिवस

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. तुमचं मन गेलेलं असतं आणि बॉसला जागा भरायची असते. पहिल्या आठवड्यातच एक तक्ता करा: काम, आत्ताची स्थिती, पुढची तारीख, कोणाकडे सोपवलं, फाइल कुठे आहे, कोणाशी बोलायचं. दर शुक्रवारी तो बॉसला मेल करा. शेवटच्या दिवशी "यांनी हँडओव्हरच दिला नाही" असं कोणी म्हणालं, की या मेल पुरतात. आवाज चढवायची वेळच येत नाही.

मीटिंगमध्ये चारचौघांत बोलणी बसली तर पेन उचला आणि मुद्दा लिहून घ्या. लिहिताना मान खाली जाते, चेहऱ्यावरचं दिसत नाही आणि दहाएक सेकंद मिळतात. मग म्हणा: "मुद्दा लिहून घेतला. आकडे तपासून चारला सांगतो." आणि चारला सांगाच, नाहीतर पुढच्या वेळी हे वाक्य चालणार नाही. आरोप चुकीचा असेल तर तिथल्या तिथे वाद न घालता त्याच दिवशी मेल करा, फक्त तारखा आणि आकडे टाकून. रागातला मेल लिहायचा असेल तर "टू"ची चौकट रिकामी ठेवून लिहा आणि सकाळी वाचा. बहुतेक वेळा निम्मा मजकूर उडतो आणि उरलेला कामाचा असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कधीच उत्तर देऊ नका. डिलीट केलं तरी कोणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतो.

शांत राहायचं म्हणजे सगळं सोसायचं, असं मात्र नाही. शिवीगाळ, धमकी, पगार अडवणं याची तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं त्याच संध्याकाळी लिहून ठेवा आणि एचआरला लेखी द्या. लैंगिक छळ असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्याकडे लेखी तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. नोटिसवर आहात म्हणून तो हक्क जात नाही.

कंपनीचा मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशी बंद होतो. घरात कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर नव्या कंपनीचं कव्हर कोणत्या तारखेपासून लागू होतं, आणि आईवडील त्यात येतात का, हे जॉइनिंगच्या आधीच विचारा.

शेवटचा दिवस आणि त्यानंतर

लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड परत दिल्याची पावती किंवा मेल घ्या. नुसतं टेबलावर ठेवून निघू नका. रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि फुल अँड फायनलचा, म्हणजे येणं-देणं मिटवण्याचा, हिशेब कधी मिळणार, हे मेलवर विचारून ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं असं म्हटलं आहे. बऱ्याच कंपन्यांची जुनी सवय मात्र महिना-दीड महिन्याची आहे. आठवण करून देताना कायद्याचा धाक पहिल्याच मेलमध्ये नको. पहिल्या मेलमध्ये तारीख विचारा, दुसऱ्यात कलम सांगा. हिशेब आला की शिल्लक रजेचे दिवस, नोटिसची कपात आणि खर्चाची बिलं या तीन ओळी आधी तपासा, चुका तिथेच असतात.

नव्या कंपनीला या आर्थिक वर्षातला आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस कळवा. नाही कळवलं तर दोन्ही कंपन्या तुम्हाला स्टँडर्ड डिडक्शन आणि कमी दराचे टप्पे वेगवेगळे देतात, आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते. जुना यूएएन नव्या कंपनीला द्या, दुसरा काढू देऊ नका. ट्रान्सफर अडकायचं नेहमीचं कारण म्हणजे जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच भरलेली नसते. शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर आधार ओटीपीने भरू शकता. भरताना रिलिव्हिंग लेटर समोर ठेवा आणि त्यावरचीच तारीख टाका. ती दुरुस्त करायची झाली तर पुन्हा जुन्या एचआरचा दरवाजा ठोठवावा लागतो.